किंमत गाडीची, हिशेब घराचा

(कोल्हार येथील कुटुंब प्रबोधन कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. महाराष्ट्राच्या गावागावांत पुढे जी ‘एसटी’ पोहोचली, तिचा आरंभ नगर जिल्ह्याच्या या रस्त्यावर झाला. त्यानंतर बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, याच मार्गावर महामंडळाची विजेवर चालणारी ‘शिवाई’ धावू लागली. नगरच्याच कायनेटिकने १९७२ साली बाजारात आणलेली लुना मध्यमवर्गाचे पहिले स्वयंचलित वाहन ठरली. तीही २०२४ मध्ये विजेचे रूप घेऊन परतली. वाहनाच्या इतिहासातील वळणे या जिल्ह्याने जवळून पाहिली आहेत. म्हणूनच पेट्रोलची गाडी घ्यावी की विजेची, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या सदनिकांपुरता उरलेला नाही. तो प्रवरेच्या काठावर, भगवतीमातेच्या या गावातही घरोघरी विचारला जात आहे.

प्रश्न विचारला जातो खरा. परंतु त्याचे उत्तर बहुधा विक्रेत्याच्या दालनात शोधले जाते. तेथे एक कागद पुढे केला जातो. पेट्रोलला किलोमीटरमागे साडेसहा रुपये, विजेला एक रुपया, उरलेले साडेपाच रुपये शुद्ध बचत, असे त्यावर लिहिलेले असते. दुसऱ्या बाजूला गावातील पारावर विजेच्या गाडीविषयी भीती पसरवली जाते. बॅटरी दोन वर्षांत संपते, पावसात धक्का बसतो, गाडी रस्त्यात बंद पडली की भंगार झाली, अशी विधाने कोणत्याही आधाराविना केली जातात. हा प्रचार आणि ही भीती या दोहोंच्या मध्ये सामान्य कुटुंब उभे असते. घराखालोखाल त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी त्याला करायची असते आणि तीही बहुतेक वेळा कर्ज काढून. ऋण काढून सण करू नये, असे आपल्याकडे सांगितले जाते. गाडी हा सण नव्हे, गरज आहे, असे मानले तरी त्या ऋणाचा हिशेब चुकवून चालत नाही.

कोणते आकडे धरावेत?

हिशेबाच्या आरंभी गृहीतके उघड सांगितली पाहिजेत, कारण फसवणूक बहुधा गृहीतकांत असते, बेरजेत नसते. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले. गाडी शहर आणि महामार्ग मिळून लिटरला १६ किलोमीटर चालते असे मानले. म्हणजे किलोमीटरला साधारण साडेसहा रुपये पडतात. येथवर विक्रेत्याचा कागद बरोबर आहे.

विजेच्या बाजूला मात्र तो कागद घाई करतो. घरच्या सॉकेटमधून जेवढी वीज मीटरवर मोजली जाते, तेवढी सगळी बॅटरीत जात नाही. चार्जिंग होताना काही भाग उष्णतेत जातो. वातानुकूलन, महामार्गावरचा वेग, चार माणसे आणि सामान यांचा भार वेगळा. हे सर्व धरता लहान विजेची गाडी मीटरवरच्या एका युनिटमागे ६ किलोमीटर चालते, असे धरणे सावधपणाचे आहे.

आता युनिटचा दर. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. पहिली शंभर युनिटे स्वस्त, शंभर ते तीनशे त्याहून पुष्कळ महाग आणि तीनशेच्या पुढची आणखी महाग. ज्या घराचा महिन्याचा वापर आधीच दीड-दोनशे युनिटे आहे, त्या घरात गाडीची वीज स्वस्त टप्प्यात बसत नाही. ती वरच्या टप्प्यात जाऊन बसते. शंभर युनिटांच्या दराने गाडीचा खर्च मांडणे म्हणजे घरातील दिवे, पंखे आणि शीतकपाट यांची वीज महागात टाकून गाडीला स्वस्ताईचे श्रेय देणे होय. म्हणून गाडीसाठीचे युनिट, वहन आकार आणि वीज शुल्कासह, १३ रुपयांना धरले. किलोमीटरला हा खर्च सव्वादोन रुपयांच्या आतबाहेर येतो. विक्रेत्याने सांगितलेल्या एक रुपयाच्या तो दुपटीहून अधिक आहे. तरीही पेट्रोलच्या खर्चाचा तो एक तृतीयांशच आहे, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

महामार्गावरील जलद चार्जिंग केंद्रांचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त असतो. तेथे युनिटला २४ रुपये धरले, तर किलोमीटरला चार रुपये पडतात. याचा अर्थ सरळ आहे. विजेच्या गाडीची बचत घरी चार्ज करणाऱ्याला मिळते. ज्याला घरी चार्जिंगची सोय नाही, त्याची चाळीस टक्क्यांहून अधिक बचत रस्त्यावरच संपते. या बाबतीत कोल्हारसारख्या गावातील माणूस पुण्यातील सदनिकाधारकापेक्षा भाग्यवान आहे. त्याच्या घरापुढे स्वतःचे अंगण आहे, अंगणात गाडी उभी राहते आणि सोसायटीच्या सभेत परवानगीसाठी हात जोडावे लागत नाहीत.

गाडीच्या किमतीकडे वळावे. एकाच घडणीच्या दोन गाड्या धराव्यात. सर्व करांसह पेट्रोलची १० लाखांना आणि विजेची १३ लाखांना पडते. हे आकडे समजण्यासाठी गोळाबेरीज केलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या पसंतीच्या गाडीचे कोटेशन त्या जागी ठेवावे. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाडीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. लहान पेट्रोल गाडीवर तो २८ टक्के आणि वर उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांवर आला. म्हणजे दोन गाड्यांमधील कराचे अंतर पूर्वीपेक्षा बरेच कमी झाले आणि पेट्रोलची लहान गाडी तुलनेने स्वस्त झाली. त्याआधीच्या वर्षांत केलेले हिशेब आज जसेच्या तसे वापरणे चूक ठरेल. याउलट १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला राज्यात ११ टक्के मोटार वाहन कर भरावा लागतो आणि विजेच्या गाडीला राज्याच्या २०२५ च्या धोरणाने त्यात माफी दिली आहे. वरच्या १० आणि १३ लाखांत हे सारे आलेच आहे.

तीन घरे, तीन उत्तरे

आता तीन काल्पनिक कुटुंबे धरावीत. ती काल्पनिक असली तरी त्यांच्यासारखी घरे या गावात शोधायला दूर जावे लागणार नाही.

पहिले कुटुंब बाजारपेठेतील दुकानदाराचे. दुकान घराखाली. गाडी निघते ती लोणीच्या रुग्णालयात, शिर्डीला दर्शनाला, लग्नकार्याला. वर्षाकाठी ६,००० किलोमीटर.

दुसरे कुटुंब नोकरदार पतिपत्नींचे. रोज लोणीपर्यंत जाणे-येणे, महिन्यातून एक-दोनदा नगर किंवा नाशिक, सुट्टीत पुण्याला मुलीकडे. वर्षाला १२,००० किलोमीटर.

तिसरे कुटुंब रोज नगरला जाणाऱ्याचे. जाऊन-येऊन साधारण १२० किलोमीटर आणि वर्षातले दोनशे दिवस. एकूण २४,००० किलोमीटर.

तिघांसाठी आठ वर्षांचा हिशेब मांडला. आठ वर्षे अशासाठी, की बहुतेक उत्पादक बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तेवढी हमी देतात. विमा पेट्रोल गाडीला वर्षाला २५ हजार आणि विजेच्या गाडीला ३१ हजार धरला. विजेच्या खासगी गाडीला तृतीय पक्ष विम्यात २०२२ पासून १५ टक्के सूट आहे. परंतु गाडीची किंमतच जास्त असल्याने स्वतःच्या नुकसानीचा विमा महाग पडतो आणि एकूण हप्ता वाढतो. आठ वर्षांनी पेट्रोलची गाडी ३ लाखांना आणि विजेची अडीच लाखांना विकली जाईल, असे मानले. जुन्या विजेच्या गाडीचा बाजार अजून रुजायचा आहे आणि घेणारा बॅटरीकडे संशयाने पाहतो, म्हणून हा आकडा मुद्दाम कमी धरला.

दुसऱ्या कुटुंबापासून आरंभ करावा. वर्षाला ७५० लिटर पेट्रोल म्हणजे ७८,७५० रुपये. विजेच्या गाडीत ९,००० किलोमीटर घरच्या विजेवर आणि ३,००० जलद चार्जिंगवर धरले, तर १९,५०० अधिक १२,००० असे ३१,५०० रुपये. देखभाल पेट्रोलला ९ हजार आणि विजेला ५ हजार. कारण विजेच्या गाडीत इंजिन तेल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही. किंमत, इंधन, देखभाल आणि विमा यांची बेरीज करून शेवटी मिळणारी विक्रीची रक्कम वजा केली, तर आठ वर्षांत पेट्रोलच्या गाडीला १६ लाख २ हजार आणि विजेच्या गाडीला १५ लाख ९० हजार लागतात. फरक अवघा बारा हजारांचा! घरी स्वतंत्र वायर ओढणे, चांगले अर्थिंग करणे आणि मंजूर भार वाढवून घेणे यांत तेवढी रक्कम सहज जाते. शिवाय वरचे ३ लाख रुपये पाच वर्षांच्या कर्जाने, ९ टक्के व्याजाने घेतले असतील, तर त्यावरचे व्याजच सुमारे ७४ हजार होते. म्हणजे या कुटुंबाने केवळ पैशाकडे पाहिले, तर रोखीने घेणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्या आणि कर्जाने घेणाऱ्याला विजेची किंचित महाग.

पहिल्या, दुकानदार कुटुंबाचे उत्तर याहून स्पष्ट आहे. वर्षाला ६,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीत इंधनाची बचत साडेतेवीस हजारांच्या आसपास राहते. देखभाल अनुक्रमे ६ आणि ३ हजार धरली, तर आठ वर्षांचा एकूण खर्च पेट्रोलला १२ लाख ६३ हजार आणि विजेला १४ लाख ४८ हजार येतो. विजेची गाडी या घराला १ लाख ८५ हजारांनी महाग पडते. जी गाडी बहुतेक वेळ उभी असते, ती कितीही स्वस्तात चालत असली तरी तिचा उपयोग काय? उभ्या गाडीला पेट्रोल लागत नाही आणि वीजही लागत नाही. तिला लागतो तो फक्त कर्जाचा हप्ता.

तिसऱ्या, रोज नगरला जाणाऱ्या कुटुंबाचे चित्र मात्र पूर्ण पालटते. वर्षाला १,५०० लिटर पेट्रोल म्हणजे १ लाख ५७ हजार ५०० रुपये. विजेच्या गाडीत २०,००० किलोमीटर घरच्या आणि ४,००० बाहेरच्या चार्जिंगवर धरले, तर सुमारे ५९ हजार ३०० रुपये. देखभाल १५ आणि ९ हजार धरून आठ वर्षांचा हिशेब पेट्रोलला २२ लाख ८० हजार आणि विजेला साधारण १८ लाख ४५ हजार होतो. सव्वाचार लाखांहून अधिक बचत, आणि कर्जाचे व्याज वजा करूनही साडेतीन लाखांच्या वर! मात्र एक सावधगिरी हवी. आठ वर्षांत ही गाडी १ लाख ९२ हजार किलोमीटर चालेल. म्हणजे किलोमीटरची मर्यादा ओलांडल्यामुळे बॅटरीची हमी सातव्या वर्षातच संपेल. त्या बचतीतील काही भाग बॅटरीच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवणे शहाणपणाचे.

तीन घरे आणि तीन वेगवेगळी उत्तरे. विजेची गाडी स्वस्त की महाग, हा प्रश्नच अपुरा आहे. ती कोणाच्या घरी, किती किलोमीटर आणि कोणत्या विजेवर चालणार, हे सांगितल्याविना त्याला उत्तर नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण गाडीलाही लागू पडते. फक्त येथे अंथरूण किलोमीटरमध्ये मोजायचे आहे.

सवलतींचे मृगजळ

सवलतींविषयी बोलताना जुनी माहिती आजही सर्रास सांगितली जाते. विजेच्या गाडीच्या कर्जावरील व्याजाला दीड लाखांपर्यंत प्राप्तिकर वजावट होती. परंतु ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच. त्यानंतरच्या कर्जाला ती नाही. केंद्राच्या ‘फेम’ योजनेचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०२४ ला संपला आणि त्यातील चारचाकींचे अनुदानही व्यावसायिक वापरासाठी होते. त्यानंतर आलेली पीएम ई-ड्राइव्ह योजना दुचाकी, तीनचाकी, बस, रुग्णवाहिका आणि मालवाहू ट्रक यांच्यासाठी आहे. राज्याच्या अनुदानाला मुदत आणि मर्यादा असतात. ते बिलातून प्रत्यक्ष वजा झाल्याशिवाय हिशेबात धरू नये.

राज्याच्या धोरणातील पथकरमाफी मात्र या परिसराला खरोखर उपयोगाची आहे. समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना पथकर माफ करण्यात आला. समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या दिशेने पूर्ण झाला. शिर्डीजवळून तो गाठणाऱ्या कोल्हारकराला प्रत्येक मुंबई फेरीत हे पैसे वाचतात. जो वर्षातून दहा वेळा जातो, त्याने ते हिशेबात जरूर धरावेत; जो एकदाच जातो, त्याने त्यासाठी गाडी बदलू नये.

बॅटरी भाड्याने देण्याची योजनाही २०२४ मध्ये आली. गाडीची किंमत कमी दिसते आणि बॅटरीसाठी किलोमीटरमागे साडेतीन रुपये भाडे. त्यात घरच्या विजेचे सव्वादोन रुपये मिळवले, तर खर्च पावणेसहा रुपये होतो. पेट्रोलचे साडेसहा रुपये त्याच्यापासून फार दूर नाहीत. दर्शनी किंमत कमी करून पुढची अनेक वर्षे भाडे भरत राहायचे, असा हा व्यवहार आहे. तो वाईट आहे असे नाही. परंतु करारातील किमान किलोमीटरची अट आणि भाडेवाढीचे कलम न वाचता सही करणे वाईट.

छतावरील सौर विजेचा मुद्दा अधिक आशादायक आहे. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीत ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. एवढा संच महिन्याला तीनशेच्या पुढे युनिटे देऊ शकतो. घर आणि दुसऱ्या कुटुंबासारखी माफक चालणारी गाडी, दोन्ही त्यात बरीचशी भागतात. नगर जिल्ह्याला सूर्याची कमतरता नाही. मात्र ही बचत सौर संचाची आहे. घरात पेट्रोलची गाडी असली तरी संच वीजबिल वाचवणारच. तीच बचत संचाच्या खात्यात एकदा आणि गाडीच्या खात्यात दुसऱ्यांदा मांडणे म्हणजे एकच पोते दोनदा तोलणे.

वहीत न मावणारे खर्च

काही खर्च रुपयांत लिहिता येत नाहीत, तरी ते सोसावे लागतात. एका चार्जिंगमध्ये मिळणारे अंतर कंपनीच्या पत्रकात जे लिहिलेले असते, त्याच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश एवढेच प्रत्यक्षात धरावे. कोल्हार ते पुणे साधारण १८० किलोमीटर. लहान बॅटरीची गाडी तेथे पोहोचते तेव्हा तिच्यात फारसे काही उरत नाही. वाटेत पाऊण ते एक तास थांबणे भाग असते. सहलीत तो तास चहापाण्यात जातो. घरात आजारी वृद्ध असतील आणि मध्यरात्री पुण्याच्या रुग्णालयात जायची वेळ आली, तर तोच तास जड होतो. ज्या घरात एकच गाडी आहे, त्याने हा विचार आधी करावा.

पेट्रोलच्या बाजूलाही असे अदृश्य खर्च आहेत. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे लक्ष्य गाठले. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते. जुन्या मिश्रणासाठी बेतलेल्या चारचाकीत इंधन-कार्यक्षमता ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिलेला होता. जुनी गाडी वापरणाऱ्याने आपला लिटरमागचा आकडा पुन्हा मोजून पाहावा.

परंतु या इथेनॉलचे कोल्हारशी दुसरेही नाते आहे. येथून जवळच प्रवरानगरला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. उसाच्या पैशावर या पंचक्रोशीतली घरे उभी राहिली. इथेनॉलमुळे आज साखर कारखान्याला साखरेखेरीज दुसरे उत्पन्न मिळते आणि उसाची देणी चुकती करायला हात मोकळा होतो. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध घातले, तेव्हा त्याची झळ कारखान्यांना बसली. पुढच्या हंगामासाठी निर्बंध उठले, तेव्हा त्यांनी निःश्वास टाकला. येथे एक पेच उभा राहतो. गावातील शेतकऱ्याचा ऊस पेट्रोलच्या टाकीत जातो आणि त्याच गावातील नोकरदार पेट्रोलपासून दूर जाऊ पाहतो. कोणाचे बरोबर?

स्वदेशीच्या तराजूत

हा पेच सोडवायचा तर स्वदेशीचा विचार घोषणेच्या पलीकडे न्यावा लागतो. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करावे लागते. पश्चिम आशियात युद्धाचा भडका उडाला की त्याची झळ कोल्हारच्या पंपापर्यंत पोहोचते. विजेची गाडी हे परावलंबन कमी करते. देशातील वीज आजही मोठ्या प्रमाणात कोळशावर तयार होते, हे खरे. पण तो कोळसा बहुतांशी याच भूमीतला आहे आणि सूर्य तर पूर्णपणे आपला आहे.

दुसरी बाजू दडवता येणार नाही. बॅटरीच्या लिथियम-आयन सेलसाठी देश अजून प्रामुख्याने चीनवर अवलंबून आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा खनिजे आणि चुंबकांच्या निर्यातीवर नियंत्रण आणले, तेव्हा भारतातील वाहन उद्योगात चिंता पसरली. अरबांच्या विहिरीतून निघून चीनच्या खाणीत अडकायचे असेल, तर त्याला स्वावलंबन कसे म्हणावे? या दिशेने प्रयत्न होत आहेत. सेलनिर्मितीसाठी २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासी भागात लिथियमचे साठे असल्याचे जाहीर झाले. जानेवारी २०२४ मध्ये भारतीय सरकारी कंपनीने अर्जेंटिनात लिथियमच्या शोधाचे हक्क मिळवले. परंतु साठा सापडणे आणि त्यापासून सेल तयार होणे यांत बरीच वर्षे जातात. तेल दर महिन्याला आयात करावे लागते आणि बॅटरी आठ-दहा वर्षांतून एकदा, एवढा फरक मात्र नक्कीच आहे. आणि तो लहान नाही.

विजेच्या मोटारीत देशाचा अनुभवही नवा नाही. बंगळूरची छोटी ‘रेवा’ २००१ मध्ये रस्त्यावर आली, २०१० मध्ये ती महिंद्राने आपल्या छत्राखाली घेतली. जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन विजेवर आली. पुण्याजवळचे चाकण आणि रांजणगाव येथे आज मोटारी घडतात. नगर जिल्ह्यातील अनेक तरुण त्या पट्ट्यात कामाला आहेत. गाडी विजेची असो वा पेट्रोलची, ती येथे घडली का, तिचे सुटे भाग किती प्रमाणात येथले आहेत, हा प्रश्न ग्राहकाने विचारला पाहिजे. विचारणारे ग्राहक वाढले की सांगणारे उत्पादकही वाढतात.

ऊस आणि वीज यांचे भांडण लावण्याचेही कारण नाही. कोट्यवधी दुचाकी आणि जुन्या गाड्या पुढची अनेक वर्षे पेट्रोलवरच चालणार आहेत. त्यांच्यासाठी इथेनॉल लागणारच. रोज लांबचा प्रवास करणाऱ्याने विजेकडे जावे आणि कमी चालणाऱ्याने इथेनॉलमिश्रित पेट्रोल वापरावे, हे दोन्ही निर्णय आयात तेल कमी करतात. ज्याचा त्याचा हिशेब आणि देशाचा हिशेब येथे एकमेकांच्या विरोधात जात नाहीत. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईच्या व्याख्यानमालेत मांडलेल्या एकात्म मानवदर्शनाचा गाभा व्यक्ती, कुटुंब, समाज आणि राष्ट्र यांची हिते परस्परपूरक असतात हाच आहे. तो गाडीच्या खरेदीसारख्या साध्या व्यवहारातही पडताळून पाहता येतो.

घरातली बैठक

मग कुटुंबाने करायचे काय? खरेदीचा निर्णय विक्रेत्याच्या दालनात न घेता घरातल्या बैठकीत घ्यावा. आजी-आजोबांपासून कॉलेजात जाणाऱ्या मुलांपर्यंत सर्वांनी एकत्र बसावे. हातात सध्याच्या गाडीचे वा दुचाकीचे गेल्या वर्षभराचे किलोमीटर, बारा महिन्यांची वीजबिले आणि दोन्ही गाड्यांची कोटेशने असावीत. गृहिणीला वीजबिलाचे टप्पे बहुधा घरात सर्वांत चांगले ठाऊक असतात. तिचे मत आधी ऐकावे. मग पाच प्रश्नांची उत्तरे लिहावीत. वर्षाला खरोखर किती किलोमीटर? घरी चार्जिंगची सुरक्षित सोय आहे का? जास्तीचे ३ लाख रोख आहेत की कर्जाचे? लांबचा आणि अचानकचा प्रवास किती? आणि गाडी किती वर्षे ठेवायची?

वर्षाला पंधरा हजार किलोमीटरच्या वर, घरी चार्जिंग आणि आठ वर्षे वापर, अशी उत्तरे आली तर विजेची गाडी निःशंकपणे घ्यावी. दहा हजारांच्या आत असतील, तर पेट्रोलची गाडी घेण्यात कमीपणा मानू नये. पर्यावरणप्रेम दाखवण्यासाठी घराचा हिशेब बिघडवण्याची आवश्यकता नाही. दोन्हींच्या मध्ये असणाऱ्यांना पैसा फारसे काही सांगत नाही. त्यांनी सोय, आवड आणि देशहित यांच्या आधारे ठरवावे.

आणि एक सहावा प्रश्नही लिहावा. गाडी मुळात हवी आहे का? ज्याला महिन्यातून चारदाच बाहेर जायचे आहे, त्याला भाड्याची गाडी आणि एसटी यांचा खर्च कोणत्याही मालकीपेक्षा कमी पडतो. शेजारच्या अंगणात नवी गाडी आली, हे आपल्या अंगणात गाडी आणण्याचे कारण होऊ शकत नाही. वाचलेल्या हप्त्यात मुलीचे शिक्षण होते, छतावर सौर संच बसतो, आईवडिलांचा आरोग्यविमा भरला जातो. संपन्नता दारात काय उभे आहे यावरून जोखण्याची सवय नवी आहे. घर कोणाचे देणे लागत नाही आणि अडीअडचणीला दुसऱ्याच्या उपयोगी पडते, यावरून ती जोखण्याची रीत जुनी आहे. गाडी कोणतीही घ्यावी. ही जुनी रीत मात्र सोडू नये.